सगळे बाण उजवीकडे

मिस्त्रींचं नाव आता प्रयोगशाळेत कुणी काढत नाही. काढलंच तर “ते उलट्या ओळींवाले” एवढंच, आणि वर एक हसू. एकोणीस वर्षं राबलेल्या माणसाची एवढीच ओळख उरावी, याचा मला असा संताप येतो की समोरच्याच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावासा वाटतो. पण संतापायचा हक्क मला किती, हे माझं मला ठाऊक. तेही सांगणार आहे. आधी मिस्त्रींबद्दल बोलू दे.

मी तिथे स्टोअर सांभाळते. एक खिडकी, एक रजिस्टर, छतापर्यंत गेलेली लोखंडी कपाटं आणि त्यांतले हजार तऱ्हेचे स्क्रू. माझ्या खिडकीच्या शेजारीच एक जाड दार आहे. त्या दारामागची खोली आतून सगळी पत्र्याने मढवलेली, वर काळ्या स्पंजाची टोकंच टोकं. बाहेरची एकही लहर आत जाऊ नये म्हणून. गंमत बघा, बिनतारी संदेशांचं सगळं संशोधन त्या खोलीत चालायचं आणि त्या खोलीत कुणाचा फोन म्हणून लागायचा नाही. मिस्त्री दिवसभर तिथेच. मग त्यांच्यासाठी कुणाचा काही निरोप असला की तो माझ्या खिडकीत यायचा. घरून वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा असो, मोठ्या सरांचा असो, “बाई, मिस्त्रींना तेवढं सांगा” म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मिस्त्री दोन तासांनी बाहेर आले की मी सांगायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कधी चुकलंही नव्हतं.

तिथे बनायचं काय, तर पॅनेल. भिंतीवर टांगायचं, पाटाएवढं. टॉवरची लहर इमारतीच्या मागच्या खोल्यांत पोचत नाही, तर हे पॅनेल ती झेलून हव्या त्या कोपऱ्यात वळवणार. हुकूम देता येईल असा आरसाच म्हणा. त्यावर नखाएवढे चौकोनी तुकडे, चोवीस ओळींत चोवीस, एकूण पाचशे शहात्तर. त्यांना सेल म्हणतात. बॅटरीचे सेल नव्हेत. प्रत्येक सेलने लहर कशी परतवायची हे बदलता येतं, फक्त ते त्या त्या सेलला सांगावं लागतं. आणि सांगण्यासाठी लागायच्या तारा.

त्या तारांवर मिस्त्रींचा हात. केसासारखी तार चिमट्यात धरायची, सोल्डरचा थेंब टेकवायचा, फुंकर नाही, घाई नाही. पॅनेल उलटं करून बघावं तर पाठ पुढच्या बाजूपेक्षा देखणी. त्यांची एक रीत होती. सेलवर बारीक बाण छापलेला असतो, तार जायच्या दिशेचा. पहिल्या ओळीत बाण उजवीकडे. ओळ उजव्या टोकाला संपली की ते तार पुन्हा डावीकडे ओढत न्यायचे नाहीत. तिथल्या तिथे वळवून दुसरी ओळ उलटी लावायचे, बाण डावीकडे. तिसरी पुन्हा उजवीकडे. जिना टोकाला वळून पुन्हा उलटा येतो ना, तसं. “तारेला हेलपाटा कशाला?” म्हणायचे. दुसऱ्या प्रयोगशाळांतली माणसं ही रीत बघायला यायची, फोटो काढून न्यायची, आणि मिस्त्री कोपऱ्यात उभे राहून नुसते हसायचे.

मग तारा काढून टाकायचं ठरलं.

आमच्याकडे एक नवी पोरगी आली होती, नुकतीच डॉक्टरेट झालेली. मी तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे, तिलाही ते आवडायचं. तिने आणि मोठ्या सरांनी मिळून डोकं लढवलं की प्रत्येक सेलच्या पाठीला एक इवलासा अँटेना द्यायचा. पॅनेलच्या दोन पत्र्यांमध्ये बोटभरही जागा नसते, त्या फटीतून सेल एकमेकांशी बोलतील. कोपऱ्यातल्या पहिल्या सेलला निरोप द्यायचा, तो शेजाऱ्याला देईल, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. तार एकही नाही.

“म्हणजे माझी सुट्टी म्हणा की,” मिस्त्री म्हणाले होते.

“अहो, असं काय करता? चिकटवणार कोण? माझे हात बघा,” असं म्हणत डॉक्टरीणबाईने स्वतःची थरथरती बोटं पुढे केली होती. मुलगी वाईट नव्हती. नाही म्हणायचं तर तिला एवढंच वाटायचं की एकदा ईमेल पाठवला की तो जगातल्या सगळ्यांना मिळतो. आम्हा कंत्राटी माणसांना ईमेल नव्हता. अकरा महिन्यांची नेमणूक, एक महिना घरी, पुन्हा अकरा महिने. अशी मिस्त्रींची एकोणीस वर्षं, माझी बारा.

त्या वर्षी बातमी आली की आमच्या प्रयोगशाळेतली एक जागा कायम होणार. एकच. बिनतारी पॅनेल बघायला बाहेरून पाहुणे येणार होते; त्यांच्यासमोर ते चाललं की सर मिस्त्रींचं नाव वर धाडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्रींना पगाराचं एवढं नव्हतं. त्यांना हवं होतं क्वार्टर. आवाराच्या मागे बैठ्या क्वार्टर्सची रांग आहे, दोन खोल्या आणि पुढे पायरी. कायम माणसालाच मिळतं. वहिनींचे गुडघे पार कामातून गेलेले, आणि घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौदा महिने ती बाई खाली उतरली नव्हती. चौदा महिने! खिडकीतून दिसेल तेवढंच तिचं जग. मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत एकदा ते क्वार्टर बघून आले. मला येऊन सांगतात, “बाई, एकच पायरी आहे. आणि तीही बुटकी. तिला जमेल.” लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

आता माझं.

माझ्या नाकावर राग असतो, सगळे म्हणतात, खोटं नाही. स्टोअरचा नियम असा की सोल्डरचं रिकामं रीळ आणून दिलं की नवं द्यायचं. नवं पॅनेल सुरू व्हायच्या आधी मिस्त्री जुन्याच्या दुरुस्तीसाठी रीळ मागायला आले, रिकामं न आणता. कुठेतरी पडलं म्हणाले. मी म्हटलं, “नियम म्हणजे नियम. शोधून आणा.” खिडकीपाशी चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर मिस्त्री म्हणाले, “बाई, तुम्ही माणसांपेक्षा रिळं जास्त जपता.” माणसं हसली. मिस्त्रीही हसले, थट्टेनेच बोलले असतील. मला झोंबलं. बारा वर्षं त्यांचे निरोप पोचवतेय, वहिनींच्या गोळ्यांच्या वेळा सांगतेय, आणि मी रिळं जपते? मी बोलणं टाकलं. ते खिडकीत चिठ्ठी ठेवायचे, मी वस्तू ठेवायचे. तोंडातून शब्द नाही. असे आठ दिवस.

त्या आठ दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. कुठेतरी निघाले होते, घाईत. “बाई, मिस्त्री आत असतील. त्यांना सांगा, या वेळी सगळे बाण उजवीकडे. ओळी वळवायच्या नाहीत. नक्की सांगा हं.” मी “हो सर” म्हटलं.

विसरले असं सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं. पण त्या दिवशी मी विसरले नव्हते. मिस्त्री गोंदाच्या डब्यासाठी आले, मान खाली घालून चिठ्ठी ठेवली. माझ्या मनात आलं, आधी बोलू दे, मग सांगते. बाण उजवीकडे की डावीकडे, त्याने एवढं काय आभाळ कोसळणार आहे? ते डबा घेऊन आत गेले. जाड दार लागलं. दुसऱ्या दिवशी थोडं आठवलं, चौथ्या दिवशी नाही. आठ दिवस झाले आणि मिस्त्री रिकामं रीळ घेऊन आले, कपाटामागून काढलेलं, धूळ पुसलेलं. “सापडलं बाई,” म्हणाले. मी हसले. झालं, गोडी झाली. निरोप मात्र कधीच पुसून गेला होता.

पॅनेल पुरं व्हायला बारा दिवस लागले. पाहुण्यांनी तारीख अलीकडे ओढली. गोंद वाळून पॅनेल भिंतीवर चढलं ते आदल्या संध्याकाळी. डॉक्टरीणबाईने सुट्या पट्टीवर एक ओळ तपासली होती, ती छान चालली होती. अख्खं पॅनेल तपासायला वेळच मिळाला नाही. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले. मलाही आत बोलावलं होतं, पाणी द्यायला.

पडद्यावर पाचशे शहात्तर करडे चौकोन. सेलला निरोप मिळाला की त्याचा चौकोन हिरवा व्हायचा. सरांनी बटण दाबलं. पहिली ओळ सरसर हिरवी झाली. पाहुण्यांपैकी एकाने “वा!” म्हटलं. दुसऱ्या ओळीत निरोप शिरला आणि ओळ लुकलुकायला लागली. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. तिसरी करडीच. चौथीही. खाली सगळंच करडं. सरांनी परत बटण दाबलं, परत तेच. पाचव्यांदा दाबलं तेव्हा एका पाहुण्याने घड्याळ बघितलं.

डॉक्टरीणबाई पॅनेलला नाक टेकवून बघत होती. “बाण,” ती म्हणाली. “सर, एकाआड एक ओळ उलटी आहे.”

उलट्या सेलचं उजवं म्हणजे डावं आणि खालचं म्हणजे वरचं. दुसऱ्या ओळीला वरून निरोप मिळत होता, आणि ती खाली समजून तो पुन्हा वरच देत होती. बारा ओळी उलट्या, गोंद दगडासारखा वाळलेला. काढायचं म्हटलं तर सेल तुटणार.

“तारच नाही, तर ओळी वळवल्यात कशाला?” सरांचा आवाज चढला.

मिस्त्रींनी पॅनेलच्या कडेला बोट टेकवलं. “मला वाटलं, निरोप तरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकालाच जाणार ना सर. एवढ्या लांबून त्याला परत हेलपाटा नको म्हणून...”

कुणीतरी हसलं. कोण, ते मला अजून आठवतं.

“मी पंधरा दिवसांपूर्वी निरोप ठेवला होता,” सर म्हणाले. “स्टोअरमध्ये. बाईंजवळ. तुम्हाला मिळाला नाही?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात पाण्याचा ट्रे. तेव्हा कुठे मला तो फोन आठवला, सगळाच्या सगळा, ‘नक्की सांगा हं’सकट. माझीही नोकरी अकरा महिन्यांचीच, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घरात मी आणि आई. हे सगळं त्या एका क्षणात डोक्यातून गेलं असं म्हणतात ना, तसं काही झालं नाही. मी नुसती घाबरले. ढिम्म उभी राहिले.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. बारा वर्षं ते मला ओळखत होते, त्यांना काय समजायचं ते समजलं.

“सांगितलं होतं बाईंनी,” ते म्हणाले. “माझ्याच डोक्यातून गेलं.”

आता बोलेन, आता बोलेन असं करत मी सगळ्यांना पाणी दिलं. सरांना दिलं, पाहुण्यांना दिलं, मिस्त्रींनाही दिलं. त्यांनी घेतलं. मी ट्रे घेऊन बाहेर आले आणि स्टोअरची खिडकी लावून घेतली.

मिस्त्रींचे अकरा महिने त्याच महिन्याअखेर संपत होते. मधला महिना ते नेहमीसारखे घरी गेले, आणि त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. निरोपसमारंभ नाही की काही नाही. त्यांचा चिमटा त्यांनी माझ्याकडे जमा केला, रजिस्टरमध्ये सही केली. मी म्हटलं, “मिस्त्री...” ते म्हणाले, “रीळ बरोबर आहे ना बाई? बघून घ्या.” टोमणा होता की खरंच विचारत होते, मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढचं ऐका. पॅनेल फुकट जाऊ नये म्हणून डॉक्टरीणबाई महिनाभर त्याच्यापुढे बसली. सेल उखडता येत नव्हते, तर तिने त्यांना नवी अक्कल दिली. निरोप द्यायच्या आधी सेलने शेजाऱ्याला विचारायचं, तुझं तोंड कुठे? उत्तर आलं की मग निरोप. झालं! उलट्या ओळी, सुलट्या ओळी, सगळं हिरवंगार. कसाही चिकटवा, चालतं. त्यावर तिचा शोधनिबंध आला, सरांना बक्षीस मिळालं. बक्षिसाच्या भाषणात सर म्हणाले की ही कल्पना एका सुदैवी चुकीतून सुचली. सुदैवी म्हणे! ते पॅनेल अजून आमच्या कॉरिडॉरमध्ये टांगलेलं आहे, मिस्त्रींच्या बारा उलट्या ओळींसकट. येणारे-जाणारे त्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

आणि ती एक जागा? ती मला मिळाली. सेवाज्येष्ठतेने मिस्त्रींच्या खालोखाल मीच होते. पत्र हातात पडलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही. क्वार्टर मिळालं तेव्हाही नाही. आईला आवडलं. पुढे पायरी आहे, एकच, आणि खरंच बुटकी आहे.

दोन वर्षं मी मिस्त्रींकडे गेले नाही. गेल्या महिन्यात मनाचा हिय्या केला. पण रिकाम्या हाताने जाऊन काय बोलायचं? ते घरीच पंखे-इस्त्र्या दुरुस्त करतात असं कानावर होतं. मी आमचा टेबल फॅन उलटा केला, खालचं झाकण उघडलं, आतली एक तार सोडवली, झाकण बसवलं आणि पिशवीत घालून निघाले. चार मजले. ऐंशी पायऱ्या. प्रत्येक वळणावर पंखा खाली ठेवून दम खाल्ला, आणि प्रत्येक वळणावर वाक्य नव्याने जुळवलं. मिस्त्री, तो निरोप मी दिला नव्हता. एवढंच तर होतं.

दार मिस्त्रींनी उघडलं. “अरे, बाई! या या.” खिडकीपाशी खुर्चीत वहिनी बसलेल्या, अंगाने सुकलेल्या. त्यांनी पाणी विचारलं, आईची तब्येत विचारली. मग म्हणाल्या, “क्वार्टरमध्ये पाणी दिवसभर असतं का हो?” विचारण्यात खोट नव्हती. मी म्हटलं, असतं. “मागे थोडी जागा आहे म्हणत होते हे.” मी म्हटलं, आहे. “छान झालं,” म्हणाल्या, आणि परत खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मिस्त्रींनी पंखा टेबलावर घेतला. चष्मा लावला. “पॅनेल चालतंय म्हणे?”

“चालतंय.”

“माझ्या ओळी काढल्या वाटतं.”

“नाही. तशाच आहेत. सेल आता आधी शेजाऱ्याला विचारून घेतात, तोंड कुठे आहे म्हणून. मग निरोप देतात.”

ते एकदम हसले, मोठ्याने, वहिनींनी वळून बघावं असे. “विचारायचं! एवढंच होतं होय?” हसता हसता त्यांनी झाकण उघडलं, आणि त्यांचं हसू तिथेच राहिलं. बोटाने तार उचलून त्यांनी उजेडात धरली.

“ही तुटलेली नाही, बाई. सोडवलीय कुणीतरी. स्क्रूवर ओरखडा ताजा आहे.”

त्यांनी चष्मा काढला आणि अगदी सावकाश विचारलं, “काही सांगायचं होतं का?”

एवढं सोपं करून दिलं त्या माणसाने. दार उघडून धरलं, मी नुसतं पाऊल टाकायचं. वहिनी बघत होत्या. इतक्या जवळ बसलो होतो आम्ही की मिस्त्रींच्या हातातल्या चष्म्याच्या काचेवरचा सोल्डरचा बारीक डागसुद्धा मला दिसत होता.

“नाही हो,” मी म्हटलं. “काय सांगायचं असणार?”

“बरं,” म्हणाले. तार जोडली, सोल्डरचा एक थेंब टेकवला, झाकण बसवलं. पंखा लावून वहिनींच्या बाजूला वळवला, नीट फिरतोय का बघितलं, आणि बंद करून माझ्या पिशवीत ठेवला.

पंखा उत्तम चालतो. त्यात बिघडलेलं काही नव्हतंच.